विजांची मोजदाद आणि वादळाची पूर्वसूचना

वळवाच्या ढगाविषयी शेतकरी बंधूंना नव्याने काही सांगावे, अशी स्थिती नाही. सकाळी निरभ्र असलेले आकाश तिसऱ्या प्रहरी काळवंडते, वारा एकाएकी पडतो, पाठोपाठ धुळीचा लोट येतो आणि पाऊण-एक तासात सर्व काही आटोपते. तेवढ्या अवधीत द्राक्षाचा मांडव भुईसपाट होतो, खळ्यावरील हरभरा भिजतो, काढून ठेवलेल्या कांद्याची नासाडी होते, आणि कोठे तरी झाडाच्या आसऱ्यास उभी राहिलेली माणसे वा झाडाखाली बांधलेली जनावरे विजेने दगावल्याची वार्ता सायंकाळी येते. सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चच्या पूर्वार्धापर्यंत चाललेली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही.

अशा वादळाचा अंदाज आदल्या दिवशी दिला जात नाही असे नाही. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता’ हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे, आणि बहुधा ते खरेही ठरते. परंतु एकेक जिल्हा दहा-पंधरा हजार चौरस किलोमीटरचा, आणि गारा पाडणारा ढग आठ-दहा किलोमीटर रुंदीचा. तो कोणत्या शिवारावर उतरणार, हे आदल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही; ढगाच्या स्वभावामुळेच ते शक्य नाही. प्रश्न उरतो तो अखेरच्या अर्ध्या तासाचा. ढग उभा राहिल्यानंतर आणि तो फुटण्यापूर्वी काही निश्चित कळू शकते काय? या प्रश्नाचे बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तर गेल्या काही वर्षांत मिळाले आहे, आणि ते उत्तर ढगातील विजांच्या मोजणीत सापडले आहे. त्या उत्तराचा आपल्याकडे उपयोग व्हावयाचा असेल तर आकाशात व गावात दोन्हीकडे काय करावे लागेल, याविषयी माझे मत येथे मांडत आहे.

प्रथम ढगात वीज का निर्माण होते, हे थोडक्यात पाहू. तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगाने वर चढते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. या ढगाच्या मध्यभागी तापमान शून्याच्या खाली दहा ते पंचवीस अंश असते. तेथे बर्फाचे बारीक स्फटिक, त्यांहून जड असे मऊ गारकण आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब हे तिन्ही एकत्र नांदतात. वर उचलले जाणारे स्फटिक आणि जडपणामुळे मागे रेंगाळणारे गारकण एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युत्भार जमतो. सामान्यतः स्फटिक धनभार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात, आणि ऋणभार घेतलेले गारकण मधल्या थरात राहतात. हा भेद पुरेसा वाढला की वीज चमकते.

यातील मर्म असे की, वर जाणारा हवेचा झोत जितका जोरकस व रुंद, तितके गारकण अधिक, तितक्या टकरी अधिक आणि तितक्या विजाही अधिक. हाच झोत गारांना ढगात तोलून धरतो व त्यांना मोठ्या होऊ देतो. पुढे तोलून धरलेला हा भार झोताला पेलवेनासा झाला, की गारा कोसळतात आणि त्यांच्याबरोबर थंड हवेचा लोट जमिनीवर आदळून चहूकडे फाकतो. आपली झाडे व मांडव पाडणारा वारा बहुधा हाच. म्हणजे विजांची वाढ व गारांची वाढ ही एकाच कारणाची दोन कार्ये असून, पहिले कार्य अगोदर दिसते आणि दुसरे मागाहून खाली येते. या मधल्या अवधीतच पूर्वसूचनेला जागा आहे.

मात्र मोजणी करावयाची ती सर्व विजांची. आपल्या डोळ्यांना भय वाटते ते जमिनीवर पडणाऱ्या विजेचे. परंतु बहुतांश विजा ढगातल्या ढगात किंवा एका ढगातून दुसऱ्या ढगात चमकून विरतात, जमिनीपर्यंत येतच नाहीत. ढगाच्या बळाचा खरा अंदाज या आतल्या विजांवरून येतो. अमेरिकेतील संशोधकांनी यासाठी एक रीत बसविली आहे. ढगातील विजांची दर मिनिटाची संख्या सतत नोंदवीत जावयाची, आणि मागील दहा-बारा मिनिटांत ती जशी वर-खाली होत होती त्या मानाने एकाएकी फार मोठी उसळी आली तर तो धोक्याचा इशारा समजावयाचा. समजा, एखादा ढग मिनिटाला दहा, बारा, अकरा, तेरा असा चालला आहे आणि पुढच्या दोन-चार मिनिटांत तीस, पंचेचाळीस असा चढला, तर ती उसळी होय. चुलीवरच्या दुधावर नजर ठेवणाऱ्या गृहिणीला ही रीत वेगळी समजावून सांगावयास नको. दूध तापलेले आहे एवढ्याने ती उठत नाही. ते चढू लागले की उठते.

शुल्ट्झ, पीटरसन व कॅरी या संशोधकांनी सन २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७११ वादळे या कसोटीवर तपासली. त्यांतील बहुसंख्य उत्तर अलाबामातील होती. विजांच्या उसळीवरून सुमारे ७९ टक्के विध्वंसक घटना अगोदर ओळखता आल्या, आणि सरासरी वीस मिनिटांहून थोडा अधिक अवधी मिळाला. केवळ जमिनीवर पडणाऱ्या विजा मोजल्या तर हेच प्रमाण ६६ टक्क्यांवर उतरले आणि अवधी साडेतेरा मिनिटांवर आला. याच अभ्यासात शंभरांतील ३६ इशारे वाया गेल्याचेही नमूद आहे; त्या आकड्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

ही मोजणी जमिनीवरील उपकरणांच्या साह्याने केलेली होती. अशी उपकरणे काही ठिकाणीच दाट बसविता येतात. समुद्रावर ती रोवता येत नाहीत, आणि डोंगराळ व जंगलाच्या मुलखात ती विरळच राहतात. रडारचीही एक अडचण आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच उठतो. दोनशे किलोमीटर अंतरावर त्याचा सर्वांत खालचा किरणही सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो. त्यामुळे वरून पाहणारा डोळा हवा, ही कल्पना पुढे आली.

ती काही कालपरवाची नाही. सन १९९५ मध्ये अमेरिकेने एका लहान उपग्रहावर विजा टिपणारे पहिले खास उपकरण पाठविले. सन १९९७ च्या नोव्हेंबरात जपान व अमेरिका यांच्या संयुक्त पर्जन्यमापक उपग्रहावर त्याची सुधारलेली आवृत्ती गेली आणि ती २०१५ पर्यंत काम करीत राहिली. जगात कोठे किती विजा होतात याचा आज जो विश्वसनीय नकाशा आपल्याजवळ आहे, तो मुख्यतः याच उपकरणाची देणगी होय. परंतु हे उपग्रह पृथ्वीभोवती फिरणारे असल्यामुळे एका गावावरून जाताना त्यांना जेमतेम दीड मिनिट मिळे. नकाशा करण्यास तेवढे पुरते. ढगाची नाडी धरून बसण्यास पुरत नाही.

ती सोय १९ नोव्हेंबर २०१६ रोजी झाली. त्या दिवशी अमेरिकेने गोज-१६ हा भूस्थिर उपग्रह सोडला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीनेच फिरणारा हा उपग्रह एकाच प्रदेशाकडे अखंड पाहतो. त्यावरील विजा टिपणारा कॅमेरा सेकंदाला सुमारे पाचशे चित्रे घेतो आणि तीही प्रकाशाच्या एकाच बारीक पट्ट्यात, ७७७.४ नॅनोमीटर या तरंगलांबीच्या आसपास. विजेच्या दाहाने हवेतील प्राणवायूचे अणू जो प्रकाश देतात तो या पट्ट्यात ठळक असतो. त्यामुळे भर दुपारच्या उन्हातही ढगाच्या माथ्यावरील क्षणिक उजळणी वेगळी काढता येते. आकाशकंदिलातील दिवा आपल्याला दिसत नाही, कागद मात्र उजळलेला दिसतो. उपग्रहाला ढग तसाच दिसतो. याच मालिकेतील पुढच्या उपग्रहांवरही हेच उपकरण बसविण्यात आले. चीनने २०१६ च्या डिसेंबरात फेंगयुन-४ए या उपग्रहावर, आणि युरोपीय देशांनी १३ डिसेंबर २०२२ रोजी सोडलेल्या आपल्या नव्या हवामान उपग्रहावर, अशीच उपकरणे पाठविली. गोज-१६ ने २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेक्सासपासून कॅन्सस सिटीपर्यंत पसरलेली ८२९ किलोमीटर लांबीची एकच वीज टिपली होती. जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये तिची विक्रम म्हणून नोंद केली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतल्यास या विजेच्या विस्ताराची कल्पना येईल.

या उपकरणांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. गोजवरील कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरील आठ ते चौदा किलोमीटरचा असतो. म्हणजे एक ठिपका दोन-तीन गावांची शिवारे सहज व्यापतो. वीज ढगात चमकली की जमिनीवर पडली, हे त्याला ओळखता येत नाही. ढग फार दाट असून वीज त्याच्या खालच्या थरात होत असेल तर प्रकाश माथ्यापर्यंत पोहोचत नाही आणि मोजणी कमी पडते. नेमके काही गाराळ ढग असेच असतात. तेव्हा जमिनीवरील उपकरणांवर बसविलेली उसळीची कसोटी उपग्रहाच्या आकड्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. अमेरिकेतही उपग्रहाच्या विजा, रडार आणि वातावरणाचे इतर आकडे एकत्र करूनच वादळ किती घातक ठरेल याची शक्यता काढतात. उपग्रह आला म्हणजे रडार नको, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आपल्या देशाकडे वळू. आपले इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह ढगांची व तापमानाची चित्रे उत्तम देतात. त्यांवर विजा मोजणारा कॅमेरा मात्र नाही. त्यांच्या आकड्यांतूनही मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला आहे. पृथ्वीवरून अवकाशात जाणारे उष्णतेचे प्रारण एखाद्या प्रदेशावर एकाएकी घटले, तर तेथे उंच ढग उभे राहत आहेत असे समजावे, या तत्त्वावर सुमारे अडीच तास अगोदर विजांची शक्यता वर्तविता येते, असे इस्रोने २०२५ मध्ये जाहीर केले. जमिनीवर पाहता, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ऐंशीहून अधिक संवेदकांचे जाळे उभारले असून त्याच्या आधारे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन शेतकऱ्यांना मोफत उपलब्ध करून दिले आहे. आपल्यापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना ते देते. ज्यांच्याजवळ साधा स्मार्टफोन आहे त्यांनी ते घेतलेच पाहिजे.

तरीही भारताच्या रेखांशावर विजांचा स्वतःचा डोळा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एनसीआरबीच्या नोंदीनुसार सन २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसे मृत्यू पावली. त्यांत शेतात राबणारे किती, हे खेड्यात काम करणाऱ्या कोणासही विचारून पाहावे. पूर, चक्रीवादळ यांची पूर्वसूचना देण्यात या देशाने जी मजल मारली आहे ती पाहता, विजेच्या बाबतीत आपण दुसऱ्यांच्या उपग्रहांकडे पाहत राहावे हे शोभत नाही. त्याचबरोबर, अलाबामाची कसोटी मराठवाड्याला लागू आहे असे गृहीत धरणेही चूक ठरेल. आपल्या एप्रिल-मेमधील ढगांचे तळ उंच असतात, खालची हवा कोरडी असते, पाऊस वाटेतच वाळून वाऱ्याचा जोर वाढतो. जूनमधील व परतीच्या पावसातील ढग पुन्हा वेगळे. या प्रत्येकाच्या विजांची उसळी किती आणि तिच्यानंतर किती मिनिटांनी गारा वा वारा येतो, हे आपल्याच वादळांवर तपासले पाहिजे. त्यासाठी उपग्रहाची वाट पाहण्याचे कारण नाही. संवेदकांच्या नोंदी हाताशी आहेत. गरज आहे ती गारा कोणत्या गावी, किती वाजता, किती मोठ्या पडल्या याच्या नेमक्या नोंदींची. पंचनाम्यात नुकसानीचे क्षेत्र लिहिले जाते, घड्याळातील वेळ क्वचितच. आमच्या कृषि सहायकांनी व गावातील जाणत्या शेतकऱ्यांनी ही एक नोंद काळजीपूर्वक ठेवली तर संशोधनाला मोठा हातभार लागेल.

आता त्या वीस मिनिटांचा हिशेब करू. उसळी ओळखण्यात दोन-चार मिनिटे जाणार. इशारा जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून मंडळाला आणि तेथून गावाला असा पायरीपायरीने उतरला, तर तो पोहोचेपर्यंत गारा वितळूनही गेलेल्या असतील. कार्यालयीन पत्रव्यवहाराची ही वाट अशा इशाऱ्यासाठी सर्वथा निरुपयोगी आहे. तो थेट गावी पोहोचला पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ योजनेतून प्रादेशिक भाषेत मोबाईलवर संदेश येतात, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. परंतु खुरपणीला वाकलेल्या बायकांच्या हाती फोन नसतो. तो घरी मुलाकडे असतो, किंवा भाकरीच्या पिशवीत घालून बांधावरच्या झाडाला टांगलेला असतो. शिवारात सर्वांना एकदम ऐकू जाते ते ग्रामपंचायतीच्या वा देवळाच्या भोंग्यावरून. तेव्हा संदेश एकाला यावा आणि त्याने भोंगा वाजवावा, ही व्यवस्था मला अधिक भरवशाची वाटते. कोणी वाजवावयाचा, तो गावी नसला तर कोणी, आणि वीज गेलेली असताना भोंगा कशावर चालावा, हे वळवाच्या अगोदर ग्रामसभेत ठरलेले असावे.

मिळालेल्या अवधीत उभे पीक वाचणार नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गारांपासून बाग वाचवावयाची तर त्यासाठी जाळी आधीच बांधलेली हवी. वाचतात ती माणसे, जनावरे आणि काढून ठेवलेला माल. मोटारीचा स्टार्टर बंद करून तिच्यापासून दूर व्हावे. जनावरे झाडाखालून सोडून गोठ्यात न्यावीत. खळ्यावर ताडपत्री टाकावी, पण ताडपत्रीच्या पायी उशीर करू नये. एकटे झाड, उघडी विहीर, पत्र्याचे उघडे छप्पर व तारेचे कुंपण यांजवळ थांबू नये. पक्के घर किंवा चारही बाजूंनी बंद असलेली मोटारगाडी हाच आसरा. ट्रॅक्टर हा आसरा नव्हे. ज्यांना इशारा मिळालाच नाही त्यांनी वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस सेकंद किंवा त्याहून कमी भरले तर ढग दहा किलोमीटरच्या आत आला, रान सोडावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याविना परतू नये.

आणि येथे तो ३६ टक्क्यांचा आकडा पुन्हा पुढे येतो. तीनांतील एक इशारा वाया जाणार असेल, तर दोन-तीन वेळा फुकट पळापळ झालेले गाव पुढच्या वेळी उठेल काय? शेतकरी अडाणी म्हणून इशारे मानीत नाही, असे कित्येकदा बोलले जाते. मला ते मान्य नाही. तो हिशेबी आहे म्हणून मानीत नाही. कापणीच्या किंवा खुरपणीच्या ऐन घाईत अर्धा तास काम थांबविले की मजुरी जाते, आणि ती कोणाची जाते हाच खरा प्रश्न होय. मालक स्वतः बांधावरून घरी जाऊ शकतो. रोजाने आलेली बाई मुकादमाच्या तोंडाकडे पाहते, उक्ते काम घेतलेली टोळी आभाळाकडे पाहून आणखी दोन सऱ्या उरकू म्हणते. सूचना वेळेवर आली, भोंगाही वाजला, आणि तरी माणसे रानातच राहिली, असे होण्याचे कारण बहुधा येथे सापडते. उपग्रह कितीही चांगला असला तरी हे कारण तो दूर करू शकत नाही.

यासाठी माझी सूचना अशी की, इशाऱ्यामुळे थांबलेला अर्धा तास कामाच्या वेळेतच धरावा आणि त्याची मजुरी कापू नये, असा ठराव गावोगावच्या बागायतदारांनी व शेतमालकांनी एकत्र बसून करावा. हंगामात असे प्रसंग पाच-सहा येतील, त्यांतले दोन वाया जातील. दहा बायकांच्या टोळीचा पाच-सहा अर्ध्या तासांचा खर्च मालकाने मांडून पाहावा आणि मग तो परवडत नाही असे म्हणावे. उक्त्या कामात ही तजवीज ठरावानेही होत नाही. तेथे टोळीशी दर ठरवितानाच ते अर्धे तास धरून दर ठरवावा लागेल, आणि तो बोलणीच्या दिवशी, चार माणसांसमक्ष ठरलेला बरा.